कारखान्याचं गरम पाणी आणि पंचगंगेच्या तळाचं शेवाळ

प्रश्न थोडक्यात असा आहे. पंचगंगेला मिळणाऱ्या एका ओढ्यात साखर कारखान्याचं पाणी येतं आणि थंडीत सकाळी त्यावर वाफ दिसते. ओढ्याच्या तोंडाशी दगडांवर काळपट हिरवे जाड थर चढलेत, त्यांच्या कडेनं पांढुरके धागे लोंबतायत. तिथून जरा वर गेलं की नदीतले दगड तपकिरी आणि नुसते बुळबुळीत. हा फरक गरम पाण्यानं पडला का, आणि एम.एस्सी.च्या प्रबंधासाठी तो दाखवायचा कसा?

गरम पाण्यानं असा फरक पडतो, यात शंका नाही. पण तुम्ही वर्णन केलेल्या चित्रातला उष्णतेचा वाटा किती आणि साखरेचा किती, हे वेगळं काढल्याशिवाय निष्कर्षात ‘तापमानवाढीमुळे’ असं लिहू नका. या खोऱ्यात गरम पाण्याची जी तोंडं मी पाहिली, तिथं नुसतं गरम आणि बाकी स्वच्छ असं पाणी क्वचितच होतं. उष्णता एकटी येत नाही. तिच्यासोबत साखर येते, क्षार येतात, कधी रंग येतो, आणि नदीत आधीपासून गावांच्या सांडपाण्याचं नायट्रोजन-फॉस्फरस असतंच. तुमच्या प्रबंधाचं खरं काम ही गुंतागुंत सोडवण्याचं आहे.

आधी दगडावर काय असतं ते नीट बघा. प्रयाग चिखलीच्या वरच्या अंगाला, डिसेंबरात, गुडघाभर वाहत्या पाण्यातला एखादा काळा बेसॉल्टचा गोटा उचला. वरच्या बाजूला पातळ तपकिरी साय असते. अंगठ्यानं घासली तर बोटाला किंचित खरखर लागते आणि खालचा काळा दगड उघडा पडतो. ही साय मुख्यतः डायटमची. सिलिकेच्या पेटीत राहणारं हे एकपेशी शेवाळ. सूक्ष्मदर्शकाखाली होडीच्या आकाराचा नाविक्युला, सडपातळ निट्झशिया, देठावर उभा असलेला गोम्फोनीमा, दगडाला पालथा चिकटलेला कॉकोनीस असे प्रकार दिसतात. गोगलगायी, मेफ्लाय या पाणकिड्याची पिल्लं, दगड चाटणारे गारा जातीचे छोटे मासे यांचं हे मुख्य अन्न. डायटम अन्न तेलाच्या रूपात साठवतात आणि माशांना लागणारी लांब साखळीची स्निग्धाम्लं त्यांच्यात भरपूर असतात. नीलहरित शेवाळात ती जवळजवळ नसतात. म्हणून दगडावर ‘शेवाळ वाढलं’ एवढ्या नोंदीला अर्थ नाही. कुठलं गेलं आणि त्याच्या जागी कुठलं आलं, यावर वरच्या सगळ्या जिवांचं पोट अवलंबून आहे.

आता तापमान. ढोबळ मानानं डायटमचं राज्य ३० अंशांच्या अलीकडे असतं, ३० ते ३५ मध्ये हिरवं तंतुमय शेवाळ जोर धरतं आणि ३५ च्या पुढे नीलहरित शेवाळ, म्हणजे सायनोबॅक्टेरिया, बाकीच्यांना मागे सारतात. अमेरिकेत रूथ पॅट्रिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ओढ्याचं पाणी तापवून प्रयोग केले होते, ते १९६९ मध्ये प्रसिद्ध झाले. सरासरी तापमान ३४ ते ३८ अंशांवर ठेवलं की डायटम मागे पडून नीलहरित शेवाळ वरचढ होतं, असं त्यात दिसलं. त्याच टोकाचं नैसर्गिक रूप बघायचं असेल तर आंबा घाट उतरून कोकणात जा. तुरळच्या गरम पाण्याच्या कुंडांसारख्या ठिकाणी पाणी निघतं तिथल्या दगडांवर नीलहरित शेवाळाचे गादीसारखे थर असतात.

मात्र परदेशातले आकडे जसेच्या तसे पंचगंगेला लावू नका. आपल्या नदीचं पाणी एप्रिल-मे महिन्यांत दुपारी आपसूकच तिशीच्या घरात जातं, आणि इथलं शेवाळ ते दरवर्षी सोसतं. त्यामुळे जानेवारीत २१ अंशांचं पाणी २७ झालं तर तो आकडा इथल्या जिवांना परका नाही. परका आहे तो त्याचा काळ. गरम पाण्याच्या तोंडाशी पौषातच वैशाख सुरू होतो. थंड, नितळ पाण्यात जे डायटम बहरायला हवेत त्यांची ऐन वेळ हिरव्या तंतूंना आणि ऑसिलेटोरिया-फॉर्मिडियमसारख्या नीलहरित जातींना मिळते. म्हणून हिवाळ्यातला पाच-सहा अंशांचा फरक उन्हाळ्यातल्या तेवढ्याच फरकापेक्षा वेगळा परिणाम करतो. हिवाळ्यात तो एका समूहाच्या जागी दुसरा आणतो. उन्हाळ्यात, पाणी मुळातच ३० असताना, तो पस्तिशी गाठून डायटमना थेट मारू शकतो. दोन्ही हंगामांची सरासरी काढली तर यातलं काहीच दिसणार नाही.

आपल्या नदीच्या तळाचं वर्षही लक्षात घ्या. जुलै-ऑगस्टच्या पुरात गोटे एकमेकांवर घासून निघतात, गढूळ पाण्यात उजेड पोचत नाही, तळ जवळजवळ उघडा पडतो. पाणी निवळलं की सप्टेंबरच्या अखेरीपासून पुन्हा साय धरायला लागते आणि नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा तिचा भर. गळीत हंगामही नेमका तेव्हाच. दसरा-दिवाळीच्या सुमारास बॉयलर पेटतो आणि मार्च-एप्रिलपर्यंत कारखाना चालतो. म्हणजे वर्षाकाठी दगडावर अन्न तयार होण्याचे जे सात-आठ महिने नदीला मिळतात, त्यातले पाचेक महिने तोंडाजवळचा तळ या पाण्याखाली असतो. पुरात सगळं धुऊन जातं, नदी स्वतःला साफ करते, असं म्हणणारे हे विसरतात.

आता हिशोब, कारण त्याशिवाय कुठं नमुना घ्यायचा हे ठरत नाही. साखर कारखान्यांसाठी २०१६ मध्ये जी मानकं आली त्यांत एक टन उसामागे जास्तीत जास्त २०० लिटर पाणी बाहेर सोडता येतं: १०० लिटर प्रक्रिया केलेलं सांडपाणी आणि १०० लिटर स्प्रे पाँडचं (फवाऱ्यानं पाणी थंड करायच्या तळ्याचं) ओसंडणारं किंवा कूलिंग टॉवरचं पाणी. दिवसाला ५,००० टन गाळप धरलं तर हे झाले १० लाख लिटर, म्हणजे सेकंदाला साधारण साडेअकरा लिटर. समजा ते ३६ अंशांवर बाहेर पडलं आणि नदी २१ अंशांवर आहे. नदीतून सेकंदाला ३,००० लिटर पाणी वाहत असेल, तर पूर्ण मिसळल्यावर वाढ येते ०.०६ अंश. हा आकडा साध्या थर्मामीटरवर दिसणारसुद्धा नाही. तेच पाणी सेकंदाला ३० लिटर वाहणाऱ्या ओढ्यात पडलं, तर वाढ चार अंशांच्या वर जाते. पर्यावरण (संरक्षण) नियम, १९८६ मधल्या सर्वसाधारण मानकांनुसार सांडपाणी ज्या पाण्यात सोडायचं त्याच्यापेक्षा ते ५ अंशांहून जास्त गरम असू नये. ही मर्यादा पाळली तर त्याच ओढ्यात वाढ दीड अंशाच्या आत राहते.

याचा अर्थ उघड आहे. एका कारखान्यानं अख्खी पंचगंगा तापते, हे विधान टिकणार नाही आणि ते केलंत तर समोरचा माणूस दोन मिनिटांत खोडून काढेल. पण ओढा तापतो, ओढ्याचं तोंड तापतं आणि तिथून खाली काठाला धरून एक कोमट पट्टा जातो, हे खरं आहे आणि मोजता येतं. दोन पाणी एकमेकांत मिसळायला नदीला बरंच अंतर लागतं. बंधाऱ्यानं पाणी अडवलेलं असेल तर आणखीच. तुमचं काम त्या पट्ट्यात आहे. पुलावरून बादली सोडून नदीच्या मधोमध घेतलेल्या नमुन्यात ते सापडणार नाही.

मोजताना अजून एक खबरदारी. गरम पाणी हलकं असतं. २१ आणि ३१ अंशांच्या पाण्यात घनमीटरमागे अडीच-पावणेतीन किलोंचा फरक पडतो. संथ डोहात कोमट पाणी वर तरंगत जातं आणि तळाच्या दगडाला त्याचा पत्ताही लागत नाही. उलट त्या पाण्यात लिटरमागे चार-पाच ग्रॅम क्षार विरघळलेले असतील तर ते गरम असूनही खाली बसतं आणि थेट तळावरून सरकतं. म्हणून तापमान दगडाला टेकवून घ्यायचं, पृष्ठभागाचं वेगळं घ्यायचं, आणि सोबत विद्युतवाहकता मोजायची; पाण्यात क्षार जितके जास्त तितकी ती जास्त. ओढ्याच्या तोंडाशी पाणी कुठल्या थरातून जातं ते वाहकतेच्या आकड्यावरून लगेच कळतं. पहाटे आणि दुपारी तीनच्या सुमारास अशी दोन्ही वेळची मोजणी हवी. एकच वेळ शक्य असेल तर पहाटेची घ्या, तेव्हा उन्हाचा वाटा नसतो आणि फरक स्वच्छ दिसतो.

आता त्या पांढुरक्या धाग्यांबद्दल. ते शेवाळ नाही. बहुतेक करून तो स्फेरोटिलस हा तंतुमय जिवाणू आणि त्याचे सोबती असणार. विरघळलेली साखर मिळाली की तो झपाट्यानं वाढतो. राखाडी-पांढरा, कापसाच्या ओल्या वातीसारखा, हाताला गिळगिळीत, आणि सूक्ष्मदर्शकाखाली आत हिरवा कणसुद्धा नाही. त्याला उजेड लागत नाही, म्हणून तो दगडाच्या सावलीच्या बाजूलाही दिसतो. हे धागे दिसले की उष्णतेचा विचार क्षणभर बाजूला ठेवा आणि साखर कुठून येते ते शोधा. कारखान्यात पॅनमध्ये रस उकळताना निघणारी वाफ कंडेन्सरमध्ये थंड पाण्यानं निववतात. पॅन जोरात उकळला की वाफेबरोबर रसाचे थेंब त्या पाण्यात जातात. तेच पाणी चाळीस-पंचेचाळीस अंशांवर स्प्रे पाँडमध्ये येतं, फवाऱ्यानं थंड होतं आणि जास्तीचं ओसंडतं. दिसायला स्वच्छ, कागदोपत्री ‘नुसतं कूलिंगचं पाणी’, पण त्यात साखर असते. गावातली माणसं ज्याला मळीचं पाणी म्हणतात ते काळं आणि उग्र वासाचं. त्यावर बोंब तरी होते. हे बिनरंगाचं कोमट पाणी कुणाच्या नजरेत येत नाही आणि तळाचं नुकसान मुकाट करत राहतं. माझ्या मते हिवाळ्यात ओढ्यांच्या तोंडाशी दिसणाऱ्या बदलाचं हेच सर्वांत दुर्लक्षित कारण आहे.

उष्णता आणि साखर एकत्र आली की ऑक्सिजनचं गणित बिघडतं. २० अंशांवर पाण्यात लिटरमागे जास्तीत जास्त ९.१ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३० अंशांवर ७.६. हे समुद्रसपाटीचे आकडे झाले. कोल्हापूर साडेपाचशे मीटरच्या आसपास उंचीवर आहे, त्यामुळे इथं सहा-सात टक्के आणखी कमी धरा. मावणारा ऑक्सिजन घटतो आणि त्याच वेळी खाणाऱ्यांची भूक वाढते, कारण दहा अंशांच्या वाढीला जिवाणूंचा श्वसनवेग ढोबळ मानानं दुप्पट होतो. शेवाळाचंही तसंच. तापमानाबरोबर त्याचं श्वसन प्रकाशसंश्लेषणापेक्षा जास्त वेगानं वाढतं. दिवसा हे झाकलं जातं. दुपारी शेवाळाच्या जाड थरातून बुडबुडे निघतात, मीटरवर ऑक्सिजन भरपूर दिसतो. पहाटे पाचला तोच मीटर त्याच जागी पाण्यात घाला, म्हणजे खरी स्थिती कळेल. दुपारी बारा वाजता नमुना घेऊन ‘ऑक्सिजन समाधानकारक’ असं लिहिलेले अहवाल मी पाहिलेत आणि प्रत्येक वेळी जीव तुटलाय.

माशांच्या बाबतीत आणखी एक धागा आहे, त्याकडे सहसा कुणी बघत नाही. शेवाळाचा जाड थर दिवसा पाण्यातला कार्बन डायऑक्साइड ओढून घेतो आणि पाण्याचा सामू (पीएच) वाढतो. सांडपाण्यातला अमोनिया सामू आणि तापमान दोन्ही वाढले की विषारी रूपात जातो. सामू ८ असताना २० अंशांवर एकूण अमोनियाचा चारेक टक्के भाग विषारी रूपात असतो, ३० अंशांवर साडेसात टक्के. सामू ९ वर गेला तर पंचवीस अंशांवरच तो एक तृतीयांशाच्या पुढे जातो. मासे तरंगले की चर्चा ऑक्सिजनवर येऊन थांबते. दुपारी मेलेल्या माशांच्या बाबतीत सामू आणि अमोनियाही तपासायला हवा.

पंचगंगेवर अभ्यास करताना आणखी दोन गोष्टी तुमचा निष्कर्ष बिघडवू शकतात. पहिली म्हणजे कोल्हापूर पद्धतीचे बंधारे. बरगे, म्हणजे बंधाऱ्याच्या फळ्या, घातले की वरच्या बाजूला पाणी तुंबतं, खोली वाढते, गाळ बसतो आणि दगडावरचं शेवाळ उजेडाअभावी संपतं. याचा उष्णतेशी काही संबंध नाही. वाहत्या उथळ जागेची तुलना वाहत्या उथळ जागेशीच करा. राजाराम बंधाऱ्याच्या फुगवट्यातला दगड आणि प्रयाग चिखलीचा दगड शेजारी ठेवून काही सिद्ध होत नाही. दुसरी गोष्ट इचलकरंजीच्या बाजूची. तिथल्या कापड प्रोसेसचं पाणी गरमही असतं आणि रंगीतही. रंगानं उजेड अडतो, तळाचं शेवाळ कमी होतं, आणि तापमानाचा दोष नसताना तो त्याच्या माथी बसतो. त्या पट्ट्यात काम करायचंच असेल तर तळाशी पोचणारा उजेड मोजल्याशिवाय करू नका. आणि केंदाळानं (जलपर्णीनं) झाकलेल्या जागा सरळ वगळा.

आता पद्धत. तुमच्याकडे एक असा फायदा आहे जो औष्णिक वीज केंद्राजवळ काम करणाऱ्याला मिळत नाही: कारखाना हंगामी आहे. तो स्वतः सुरू होतो आणि स्वतः थांबतो. बॉयलर पेटण्याआधी, हंगामाच्या ऐन भरात आणि हंगाम बंद झाल्यावर, अशा तिन्ही काळांत तोंडाच्या वर आणि खाली सारख्याच जागांवरून नमुने घेतले, तर नदीचा मूळचा फरक आणि कारखान्यानं आणलेला फरक वेगळे होतात. मधल्या काळातही संधी मिळते. अवकाळी पाऊस झाला, ऊस आला नाही, ‘नो केन’ लागलं की दोन-तीन दिवस पाणी थांबतं. तापमान काही तासांत उतरतं, शेवाळाचा समूह मात्र दोन-तीन आठवडे तसाच राहतो. त्या दिवसांत थर्मामीटर काही सांगत नाही, पण दगड आदल्या महिन्याचा इतिहास सांगतो. नदीतळाच्या शेवाळाचा अभ्यास करण्यामागचं मूळ कारण हेच आहे.

साखर आणि उष्णता वेगळी करायला त्याच ओढ्यावर एक तिसरी जागा निवडा, जिथं पाणी निवलेलं आहे पण साखर अजून आहे. साधारणपणे तोंडापासून पुरेसं खाली अशी जागा मिळते, फक्त तिथला उजेड तोंडाजवळच्या इतकाच हवा. तिथं पांढरे धागे टिकून असतील आणि नीलहरित थर पातळ झाला असेल, तर धाग्यांचं कारण साखर आणि थराचं कारण मुख्यतः उष्णता, असं म्हणायला आधार मिळतो. प्रत्येक वेळी बीओडी (पाण्यातली घाण कुजवताना जिवाणू किती ऑक्सिजन वापरतात त्याचं माप) आणि फॉस्फेटचाही नमुना घ्या.

दगड खरवडायला मऊ टूथब्रश पुरतो. पाच बाय पाच सेंटिमीटरची खिडकी कापलेला रबराचा तुकडा दगडावर दाबून धरायचा, आतलं घासून डिस्टिल्ड वॉटरनं बाटलीत घ्यायचं. प्रत्येक जागेवरचे निदान पाच दगड. एक भाग टिकवण्यासाठी ल्युगॉल आयोडीनमध्ये, एक भाग अंधारात बर्फावर, क्लोरोफिलसाठी. डायटम ओळखायचे तर पेशीतलं सेंद्रिय द्रव्य जाळून नुसत्या सिलिकेच्या पेट्या उरवाव्या लागतात. ते काम ॲसिडचं आहे, प्रयोगशाळेत फ्यूम हूडखालीच करा. चारशे कवचं मोजली की प्रमाण पुरेसं स्थिर होतं. दगड सारखे मिळत नसतील तर काचेच्या स्लाइड चौकटीत लावून तीन आठवडे पाण्यात ठेवा. फक्त लक्षात असू द्या की कोऱ्या काचेवर पहिल्यांदा बसणारं शेवाळ आणि जुन्या दगडावर मुरलेलं शेवाळ एकसारखं नसतं. दोन्हींचे आकडे एकाच तक्त्यात मिसळू नका.

हातमोजे घाला. फॉर्मिडियमचे काही वाण मज्जातंतूंवर परिणाम करणारं विष तयार करतात. न्यूझीलंडमध्ये नदीकाठी सुटून आलेले असे थर खाऊन कुत्री मेली आहेत. तुमच्या ओढ्यातल्या थरात विष आहे असं मी म्हणत नाही, पण दुपारी बुडबुड्यांनी सुटून काठाला लागणाऱ्या काळपट पापुद्र्यांजवळ म्हशी पाण्यावर येत असतील, तर त्या मालकांना दुसरा पाणवठा वापरायला जरूर सांगा.

प्रबंधाच्या शेवटी उपाय लिहायला सांगतील. तिथं ‘जनजागृती’ लिहून पान भरू नका. उसाच्या वजनाचा ७० टक्क्यांच्या आसपास भाग पाणीच असतो. रस आटवताना ते वाफ होऊन कंडेन्सेटच्या रूपात कारखान्याच्याच हातात येतं. ते निववून, साफ करून परत वापरलं तर नदीतून पाणी उचलायची आणि गरम पाणी बाहेर सोडायची गरज दोन्ही कमी होतात. पॅनवर रसाचे थेंब अडवणारी जाळी नीट ठेवली आणि कंडेन्सरच्या पाण्यात साखर आहे का याची चाचणी प्रत्येक पाळीत घेतली, तर पांढऱ्या धाग्यांचा बराचसा प्रश्न कारखान्याच्या आतच मिटतो. शिवाय वाया जाणारी साखर कारखान्याचीच, म्हणजे सभासद शेतकऱ्याचीच आहे. हा मुद्दा कारखान्यातल्या केमिस्टला पटतो, असा माझा अनुभव आहे. त्यांना आधीच भेटा, विरोधात उभं राहून नव्हे. गाळपाचे आणि बंदचे दिवस त्यांच्याच नोंदवहीतून मिळतात आणि त्याशिवाय तुमचे आकडे अर्धवट राहतील.

पहिला नमुना ऑक्टोबरच्या सुरुवातीला, पाणी निवळल्यावर आणि बॉयलर पेटण्याआधी घ्यायचा. तो चुकला तर तुलनेला आधारच उरत नाही आणि पुढच्या वर्षीची वाट बघावी लागते. म्हणून जागा गणपतीनंतर लगेच फिरून नक्की करा, आणि काठावरच्या न हलणाऱ्या खुणा वहीत लिहून ठेवा. जीपीएस असलं तरी लिहा, कारण पात्रातला उथळ भाग दर पुरात थोडा सरकतो.